‘प्रश्न उद्भवत नाही’

(भामरागड येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्र विधानसभेतील प्रश्नोत्तरांचा एक ठरीव साचा आहे. सदस्य विचारतो : अमुक तालुक्यात अमुक घडले, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? मंत्र्यांच्या नावे उत्तर छापले जाते : ‘हे खरे नाही’, फार तर ‘हे अंशतः खरे आहे’, आणि अखेरच्या ओळीत ‘प्रश्न उद्भवत नाही’.

इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमावर वसलेल्या भामरागडात मात्र प्रश्न दर पावसाळ्यात उद्भवतो. 2019 च्या पावसाळ्यात पर्लकोटेच्या ठेंगण्या पुलावरून पुन्हापुन्हा पाणी वाहिले, बाजारपेठ बुडाली आणि तालुक्याचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटला. आतल्या गावांतील बाळंतिणीला खाटेची कावड करून नाल्यापलीकडे न्यावे लागते. हा प्रश्न मुंबईत उद्भवत नाही आणि भामरागडात संपत नाही. या दोहोंमधले अंतर मिटवण्यासाठीच मतदार एका माणसाला निवडून पाठवतो. त्या माणसाने मतदाराला हिशेब द्यावा तो नेमका कशाचा, हा आजचा विषय आहे.

वीस पैशांचा हिशेब

आमदार-खासदारांचे कार्यअहवाल निघतात. गुळगुळीत कागद, भूमिपूजनाची छायाचित्रे, सभामंडप, पथदिवे, हातपंप, सिमेंटचे रस्ते, आणि शेवटी ‘आपला नम्र सेवक’. काही कामे खरीच झालेली असतात आणि ती उपयोगाचीही असतात. प्रश्न वेगळा आहे. हा हिशेब कोणत्या रकमेचा?

महाराष्ट्रात आमदाराचा स्थानिक विकास निधी 2022 पासून वर्षाला 5 कोटी रुपये झाला. राज्याच्या 2025-26 च्या अंदाजपत्रकातील एकूण खर्च 7 लाख कोटींच्या घरातला होता. विधानसभेचे सदस्य 288. या खर्चावर देखरेख ठेवण्याचे काम सर्वांनी सारखे वाटून घेतले, तर प्रत्येकाच्या वाट्याला 2,400 कोटींहून अधिक रक्कम येते. त्यापुढे 5 कोटी म्हणजे शंभर रुपयांतील वीस पैसे. अहवाल निघतो तो या वीस पैशांचा. उरलेल्या नव्व्याण्णव रुपये ऐंशी पैशांविषयी प्रतिनिधी अवाक्षर काढत नाही आणि मतदारही विचारीत नाही.

हे केवळ विस्मरण नव्हे. राज्यघटनेच्या 164 व्या कलमाने मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार धरले आहे. विधानसभा म्हणजे सत्ताधारी बाकांसह सर्व सदस्य. सरकारला जाब विचारणे हे विरोधकांचे खाजगी काम नाही. ते प्रत्येक आमदाराचे घटनादत्त काम आहे. परंतु ज्याच्या हाती जाब विचारण्याचे काम, त्याच्याच हाती वाटपाचा छोटा निधी दिला की तो हळूहळू सरकारचा परीक्षक न राहता सरकारच्या अनेक कंत्राटांतला एक मध्यस्थ बनतो. जिल्हाधिकाऱ्याकडून, अभियंत्याकडून त्याला कामे मंजूर करून घ्यायची असतात. ज्याच्याकडून काम करून घ्यायचे, त्याला अडचणीचा प्रश्न कोण विचारणार? प्रतिनिधीचे तोंड बंद करण्याची याहून सभ्य युक्ती सापडणे कठीण.

आकडा हीच पहिली लढाई

समाजवादी परंपरेने संसदेकडे कसे पाहिले, याचे उदाहरण साठाहून अधिक वर्षांपूर्वीचे आहे. फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीतून निवडून आलेले डॉ. राममनोहर लोहिया 1963 च्या ऑगस्टमध्ये लोकसभेत उभे राहिले आणि म्हणाले की, देशातील 27 कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात. सरकारचे म्हणणे होते, पंधरा आणे. पुढे या एका आकड्यावर सभागृहात स्वतंत्र वादविवाद झाला. त्यातून कोणाच्या पानात भाकरी पडली नाही, हे खरे; पण गरिबीचे मोजमाप हा राजकारणाचा विषय झाला आणि सरासरीच्या आड लपण्याची सोय राहिली नाही. लोहियांनी एकही सभामंडप न बांधता देशातील निम्म्याहून अधिक जनतेचे प्रतिनिधित्व केले.

गडचिरोलीला हा धडा वेगळ्या मार्गाने मिळाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 1986 पासून या जिल्ह्यात काम करताना जन्म आणि मृत्यू गावोगाव मोजले. पुढे इतर संस्थांच्या सहकार्याने ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी नोंदवहीत उतरणारे बालमृत्यू प्रत्यक्षातील बालमृत्यूंपेक्षा कितीतरी कमी आहेत, हे त्यातून समोर आले. जे मूल नोंदवहीत मेलेच नाही, त्याच्यासाठी औषध, परिचारिका आणि पैसा कोठून येणार? तेथेही उत्तर तेच : प्रश्न उद्भवत नाही.

मोजणीचे हे काम दोन डॉक्टरांनी केले, हा त्यांचा मोठेपणा. ते त्यांना करावे लागले, हे मात्र लोकप्रतिनिधींचे न्यून. तालुक्यात वर्षभरात किती बालके दगावली, किती माता दगावल्या, प्राथमिक आरोग्य केंद्रांत किती जागा भरलेल्या होत्या, आश्रमशाळांत किती मुले आजारी पडली, हे आकडे मागण्याचा अधिकार आमदाराला आहे. मागितलेला आकडा आणि मिळालेला आकडा गावात वाचून दाखवला, तर तो खरा की खोटा हे सांगणारे शेकडो साक्षीदार समोरच बसलेले असतात. मुंबईच्या सभागृहात ही सोय नाही.

निधी मिळाला, हिशेब हरवला

आदिवासी उपयोजना पाचव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात सुरू झाली. महाराष्ट्रात 1990 च्या दशकात सुकथनकर समितीच्या शिफारशींनुसार लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे 9 टक्के योजनानिधी आदिवासींसाठी राखण्याचे धोरण आले. 2011 च्या जनगणनेनुसार राज्यातील अनुसूचित जमातींचे प्रमाण 9.35 टक्के होते. म्हणजे तत्त्वतः वाटा ठरला. भामरागडसारख्या छत्तीसेक हजार वस्तीच्या तालुक्याला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे स्वतंत्र कार्यालय मिळाले. माडिया गोंड ही केंद्राने विशेष असुरक्षित मानलेल्या जमातींपैकी एक. तिच्यासाठी आणखी वेगळ्या योजना आल्या. यंत्रणा आणि निधी दोन्ही मिळाले. हिशेब तेवढा मिळाला नाही.

2004 ते 2009 या काळातील आदिवासी विकास विभागाच्या योजनांमधील गैरव्यवहारांच्या तक्रारी अखेर मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाच्या आदेशानंतर 2014 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती गायकवाड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल 2017 मध्ये आला. त्या अहवालावर काय कारवाई करायची हे ठरविण्यासाठी मग निवृत्त सनदी अधिकारी करंदीकर यांची आणखी एक समिती नेमावी लागली. वस्तू ज्यांच्या नावावर वाटल्या गेल्या, त्यांपैकी कित्येकांची तोवर एक पिढी उलटली.

यातील दोष कोणाचा, हे ठरविण्याचे काम न्यायसंस्थेचे आहे. विधिमंडळापुरता प्रश्न निराळा आहे. ज्या वर्षांत हा पैसा खर्च झाला, त्या प्रत्येक वर्षी या विभागाच्या मागण्या सभागृहाने मंजूर केल्या होत्या. सभागृहाची अनुसूचित जमाती कल्याण समिती होती, लोकलेखा समिती होती, अंदाज समिती होती, मंत्र्यांनी दिलेली वचने पाळली जातात की नाही हे पाहणारी आश्वासन समिती होती. कपात सूचना, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा ही सारी आयुधे सदस्यांच्या हाती होती. एवढे सारे असूनही सामान्य अर्जदाराला न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. अनेक विभागांच्या मागण्या चर्चेविना एकगठ्ठा मंजूर होतात, महालेखापरीक्षकांचे अहवाल बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतात, आणि सदस्य ते पिशवीत घालून घरी नेतात. देखरेखीची यंत्रे गंजतात ती अशी, वापराविना.

याच्या उलट चित्र तेंदूच्या फळीवर दिसते. मे महिन्याच्या उन्हात माडिया बाई पानांचे पुडे घेऊन येते. सत्तर पानांचा पुडा. तो मोजला जातो, तपासला जातो, पाने कमी भरली तर बाजूला टाकला जातो. तिच्याकडून पानापानाचा हिशेब घेणारी व्यवस्था तिच्या नावावर खर्च झालेल्या कोट्यवधींचा हिशेब तिला देत नाही. समाजवाद म्हणजे काय, असे कोणी विचारले, तर हा उलटा न्याय सुलटा करणे म्हणजे समाजवाद, एवढे उत्तर पुरे आहे.

पाचव्या अनुसूचीने दिलेले हक्क

भामरागड हे अनुसूचित क्षेत्र आहे. येथील मतदाराला पुण्या-मुंबईच्या मतदाराहून अधिक संरक्षण घटनेने दिले आहे, ही गोष्ट येथेच सर्वांत कमी ठाऊक आहे. पाचव्या अनुसूचीनुसार राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्रांच्या कारभारावर राष्ट्रपतींना दरवर्षी अहवाल द्यावयाचा असतो. जनजाती सल्लागार परिषदेचे तीन-चतुर्थांश सदस्य शक्यतो विधानसभेतील आदिवासी आमदार असावेत, अशी तरतूद आहे. राज्यपालांच्या अहवालात भामरागडविषयी काय लिहिले, परिषदेच्या बैठकीत आपल्या आमदाराने कोणता मुद्दा मांडला, हे या तालुक्यातील किती गावांना आजवर कळले?

1996 चा पेसा कायदा त्याही पुढे जातो. योजनेला ग्रामसभेची मान्यता हवी, लाभार्थी ग्रामसभेने निवडावेत, आणि खर्च झालेल्या निधीच्या विनियोगाचे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीने ग्रामसभेकडून घ्यावे, असे तो सांगतो. सामाजिक क्षेत्रातील संस्था आणि त्यांचे कर्मचारी यांच्यावर तसेच आदिवासी उपयोजनेसह स्थानिक योजनांवर आणि त्यांच्या साधनांवर पंचायती व ग्रामसभेचे नियंत्रण असावे, असेही त्यात आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम 2014 मध्ये केले. 2015 मध्ये आदिवासी उपयोजनेतील 5 टक्के निधी थेट गावपातळीवर देण्याचा निर्णय झाला. महालेखापरीक्षक मुंबईत जे करतात, तेच गोटुलात बसून करण्याचा अधिकार माडिया गावाला मिळाला आहे.

हे स्वप्नरंजन नव्हे, याचा पुरावा याच जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळवला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार वनखात्याकडून स्वतःकडे घेतला. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्या गावाची घोषणा. तिच्या उत्तरार्धाचे कौतुक पुष्कळ झाले. पूर्वार्ध विसरला जातो : दिल्ली-मुंबईतले सरकारही ‘आमचे’ आहे, आणि म्हणून त्याचाही हिशेब आमच्याकडे आला पाहिजे.

भामरागडने आणखी एक पाऊल टाकले. 2017 च्या जिल्हा परिषद निवडणुकीत भामरागड-एटापल्ली भागातील ग्रामसभांनी पक्षांची वाट न पाहता आपले उमेदवार स्वतः ठरवले. लालसू नोगोटी आणि सैनू गोटा निवडून आले. उमेदवारी ज्याने दिली त्याला हिशेब द्यावा लागतो, हा राजकारणाचा साधा नियम आहे. पक्षाने तिकीट दिले की प्रतिनिधी पक्षश्रेष्ठींकडे पाहतो. ग्रामसभेने दिले की ग्रामसभेकडे. समाजवादी पक्षांसह सर्वच पक्षांना अंतर्मुख करणारी ही घटना आहे. जे पक्षाने शिकवायला हवे होते, ते गावांनी पक्षावाचून करून दाखवले.

पुढे काय झाले? घटनेच्या 243-ई कलमाने पंचायतींची मुदत पाच वर्षे ठरवून दिली आहे आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी असे बजावले आहे. मार्च 2022 मध्ये राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांबरोबर गडचिरोलीचीही मुदत संपली. निवडणुका न्यायालयीन वादात अडकल्या आणि वर्षानुवर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. खर्च करणारा अधिकारी आणि तो मंजूर करणारी सभा एकच झाली. अशा काळात जिल्ह्यातील आमदारांवर देखरेखीचा भार दुप्पट झाला होता. त्यांच्या त्या वर्षांच्या अहवालांत याचा उल्लेख किती आढळतो, हे प्रत्येक मतदाराने शोधून पाहावे.

भय आणि सबब

असे म्हटले जाते की, बंदुकीच्या प्रदेशात हे सारे पुस्तकी आहे. बंदुकीने येथे किती रक्त सांडले हे कोणी भामरागडला सांगायला नको. याच तालुक्यात पंचायत समितीच्या एका माजी सभापतींची 2025 च्या फेब्रुवारीत हत्या झाली. निवडून आलेल्या माणसाला मारणारी क्रांती गरिबांचा आवाजच मारते, हे समाजवाद्यांनी नेहमी निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की, हिंसेचे कारण पुढे करून प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने पाहण्याची सवय प्रशासनाला लागली. दोन्ही बाजूंनी गप्प बसवला गेला तो हिशेब मागणारा माणूस. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती आणि त्याच्या सुमारे साठ साथीदारांनी गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. बंदूक मागे हटत असेल तर तिच्यामागे लपलेली सबबही मागे हटली पाहिजे.

कारण आता येथे पैसा आणि यंत्रे दोन्ही वेगाने येत आहेत. शेजारच्या एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या टेकडीवर 348 हेक्टरचा लोहखनिजाचा खाणपट्टा 2007 मध्ये दिला गेला. उत्पादनवाढीसाठीची पर्यावरणविषयक जनसुनावणी 2022 च्या ऑक्टोबरमध्ये झाली, ती टेकडीच्या पायथ्याशी नव्हे, तर शंभराहून अधिक किलोमीटरवरील गडचिरोलीत. 2006 ची केंद्रीय अधिसूचना सांगते की, अशी सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा निकट परिसरात व्हावी. खाण हवी की नको, याविषयी गावागावांत मतभेद असू शकतात. सुनावणी गावात का झाली नाही, हा प्रश्न विचारण्याविषयी मतभेद असण्याचे कारण नाही. खनिजावर बसणाऱ्या अंशदानातून जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे येणाऱ्या निधीचेही तेच. तो खाणबाधितांसाठी आहे, असे 2015 च्या कायद्यात लिहिले आहे. तो कोणत्या गावात, कोणाच्या ठरावाने खर्च झाला, हे आमदाराने सांगावे.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे : लोकांना रस्ता हवा आहे, प्रश्नोत्तरे नकोत. पण रस्ता अडतो कोठे? मंजुरी असते, निधी असतो, वनखात्याची परवानगी नसते; परवानगी येते, तोवर निधी परत गेलेला असतो. ही गाठ कोणत्या टेबलावर पडली, हे शोधून काढणारा प्रश्न हाच रस्त्याचा पहिला दगड असतो.

1962 मध्ये चांदा मतदारसंघाने लालश्याम शाह यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवले होते. आदिवासींच्या जमीन-जंगलाची उपेक्षा होते आहे, या कारणावरून त्यांनी 1964 मध्ये राजीनामा दिला. त्या राजीनाम्यातील नैतिक तेज मान्य करूनही म्हणावे लागेल की, राजीनामा हे शेवटचे शस्त्र आहे. त्याच्या आधीची पाच वर्षे दररोज वापरायची शस्त्रे प्रतिनिधींनी म्यानातच ठेवली, तर मतदाराच्या हाती केवळ निराशा उरते.

काय मागायचे?

अहेरी मतदारसंघात सिरोंच्यापासून भामरागडपर्यंत पाच तालुके आहेत. मागणी कोणा एका व्यक्तीविरुद्ध नाही. आज जो निवडून आला आहे आणि उद्या जो येईल, त्या प्रत्येकासाठी ती आहे. प्रत्येक अधिवेशनानंतर प्रतिनिधीने तालुक्याच्या ठिकाणी, आठवडी बाजाराच्या दिवशी, लोकांपुढे उभे राहून पाच गोष्टी सांगाव्यात. या तालुक्याविषयी कोणते प्रश्न विचारले आणि कोणती उत्तरे मिळाली. कोणत्या मंत्र्यांनी कोणते आश्वासन दिले आणि ते पाळले गेले काय. आदिवासी उपयोजनेतून तालुक्यासाठी किती तरतूद झाली, किती खर्च झाली, किती परत गेली. महालेखापरीक्षकांच्या अहवालात जिल्ह्याविषयी काय आले. आणि सभागृहातील कोणत्या विधेयकावर कोणत्या बाजूने मत दिले. हे माडिया भाषेत सांगितले जावे. ज्या भाषेत मते मागितली जातात, त्याच भाषेत हिशेब द्यावा, ही काही फार मोठी अपेक्षा नाही.

कार्यकर्त्यांचे काम याहून अवघड आहे. विधानसभेच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या मिळवायच्या, त्यांतील उत्तरे ग्रामसभेत वाचायची, आणि जेथे ‘हे खरे नाही’ असे छापले आहे तेथे गावाचा ठराव जोडून ते उत्तर परत पाठवायचे. माहितीचा अधिकार 2005 पासून हाताशी आहे. विनियोगाचे प्रमाणपत्र मागितल्याशिवाय देऊ नये आणि पाहिल्याशिवाय सही करू नये, एवढे जरी दहा गावांनी ठरवले, तरी तालुक्याच्या कचेरीत हालचाल दिसू लागेल.

फळीवर पुडा कमी भरला तर मुन्शी तो बाजूला टाकतो. उद्या आमदाराचे उत्तर कमी भरले, तर तेही बाजूला टाकण्याचा अधिकार त्याच बाईला आहे. तिने एकदा उभे राहून विचारले, की ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे लिहिण्याचे धाडस मंत्रालयातील कोणालाही होणार नाही.